दारात आलेले सोजीर : पुण्यातली प्लेगची सक्ती, १८९७

पुण्याच्या प्लेगची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा २२ जून १८९७ च्या रात्रीपासून सुरू होते. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव, गणेशखिंडीच्या रस्त्यानं परतणाऱ्या घोडागाड्या आणि पुण्याच्या प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याच्यावर चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या. त्याआधीचे तीन महिने शाळेच्या पुस्तकात एका वाक्यात उरकतात : गोऱ्या सोजिरांनी, म्हणजे इंग्रज सैनिकांनी, प्लेगच्या नावाखाली अत्याचार केले. वाक्य खोटं नाही. पण नियम कुणी केले, ते घराघरात कसे पोचले, माणसाला उचलून नेल्यावर त्याचं पुढे काय व्हायचं, तक्रार करायची तर कुणाकडे, यातलं काहीच त्यातून कळत नाही. साथीच्या काळात विलगीकरण अमलात आणायची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्यांच्यासाठी हे तीन महिने त्या एका रात्रीपेक्षा फार जास्त शिकवणारे आहेत.

आजारी माणूस लवकर कळावा आणि तो इतरांपासून वेगळा राहावा, एवढाच विलगीकरणाचा हेतू असतो. त्यासाठी आजार लपवू नये असं लोकांना वाटायला हवं. पुण्यात उभी राहिलेली व्यवस्था आजार लपवायला लावणारी होती. शिपाई वाईट वागले म्हणून ती फसली असं म्हणणं सोपं आहे. माझं मत असं की सगळे शिपाई सज्जन असते तरी ती फसलीच असती, कारण खोट आखणीत होती.

कायदा

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचं निदान केलं. त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांत याला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत, लोक साधं ‘गाठीचा ताप’ म्हणायचे. काखेत, जांघेत किंवा मानेला गाठ, प्रचंड ताप, आणि निम्म्याहून अधिक रोग्यांचा काही दिवसांतच मृत्यू. जंतू ठाऊक होता. दोन वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर यर्सिननं तो शोधला होता. तो माणसापर्यंत कसा पोचतो हे मात्र अजून कळलेलं नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं या अज्ञानावर उभं आहे.

मुंबईतून लोक हजारोंनी बाहेर पडले. रेल्वेच्या वाटेवरच्या पुण्यात वर्षअखेरीस रोगी दिसू लागले. इकडे सरकारला दुसरीच घाई होती. हिंदुस्थानचा माल आणि प्रवासी आपल्या बंदरात घ्यायचे की नाहीत, यावर युरोपातली राष्ट्रं विचार करत होती आणि फेब्रुवारीत व्हेनिसला त्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती. आम्ही कडक उपाय करतो आहोत हे जगाला दाखवणं भाग होतं. जानेवारीच्या अखेरीस कलकत्त्याच्या कायदेमंडळात विधेयक आलं आणि ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झालाही.

कायदा चार कलमांचा, एका कागदावर मावेल एवढा. कलम २ सांगतं की नेहमीचे कायदे अपुरे आहेत असं सरकारला वाटलं तर ते स्वतः उपाय करू शकतं किंवा कुणाही व्यक्तीला ते करायचा अधिकार देऊ शकतं. कलम ३ प्रमाणे नियम मोडला की तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेच्या कलम १८८ (सरकारी हुकूम न पाळणं) खालचा गुन्हा. कलम ४ प्रमाणे सद्‌हेतूनं केलेल्या कुठल्याही कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही.

अधिकार आहे, शिक्षा आहे, संरक्षण आहे. ज्याला घरातून उचलून न्यायचं त्याला काय मिळायला हवं, याबद्दल एक ओळही नाही. त्याचं जेवण, घरच्यांची भेट, जाळलेल्या सामानाची भरपाई, घरातला कमावता माणूस गेल्यावर चूल कशी पेटायची, यातलं काहीही कायद्यानं सरकारवर बंधनकारक केलं नव्हतं. काही ठिकाणी काही सोयी झाल्या, पण त्या त्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

समिती

साताऱ्याला असिस्टंट कलेक्टर असलेल्या वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याला पुण्याच्या प्लेग समितीचा अध्यक्ष नेमलं. १७ फेब्रुवारीला त्यानं कामाचा ताबा घेतला. मदतीला सर्जन-कॅप्टन बेव्हरिज हा हाँगकाँगची साथ पाहिलेला लष्करी डॉक्टर होता. तिथे सैनिकांकडून घरांची झडती घेतली गेली होती. तोच नमुना पुण्यात उतरला. १२ मार्चला डरहॅम लाइट इन्फन्ट्रीच्या मेजर पॅजेटच्या हाताखाली गोरे आणि देशी मिळून ८९३ अधिकारी-शिपाई प्लेगच्या कामावर आले आणि १३ मार्चपासून झडत्या सुरू झाल्या. त्या १९ मेपर्यंत चालल्या.

गोरे सैनिकच का? सरकारी बाजूचं म्हणणं असं की ते शिस्तीचे, लाच घेणार नाहीत, आणि शेजाऱ्यापाजाऱ्याची भीड धरून कुणाला सोडणार नाहीत. मुद्दा अगदी टाकाऊ नाही. साथीत खालच्या पातळीवरचा कारकून किंवा हवालदार पैसे घेऊन रोगी लपवू देतो, हे घडतं. पण ज्याला कुणाची ओळख नाही, भाषा येत नाही, घराची रीत माहीत नाही तो निःपक्षपाती असतो, असं समजणं ही समितीची पहिली मोठी चूक. अनोळखीपणा आणि निःपक्षपातीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झडतीच्या टोळीबरोबर एखादे गावातले गृहस्थ दुभाषा म्हणून असावेत अशी योजना होती. पण तोपर्यंत ज्यांना परवडत होतं असे कितीतरी प्रतिष्ठित पुणेकर शहर सोडून गेले होते. टिळकांनी ‘केसरी’तून या पळालेल्या पुढाऱ्यांवर कडक टीका केली, ती सरकारवरच्या टीकेइतकीच महत्त्वाची आहे. हेही नोंदवायला हवं की प्लेगसाठी कडक उपाय नकोतच असं टिळक म्हणत नव्हते. सुरुवातीला त्यांनी लोकांना सहकार्य करायला सांगितलं आणि स्वतः टोळ्यांबरोबर फिरले. त्यांचा राग उपायांवर कमी आणि ते अमलात आणायच्या रीतीवर जास्त होता.

नियम असे : प्लेगचा संशय असलेला प्रत्येक आजार आणि प्रत्येक मृत्यू कळवायचा. मृत्यूची नोंद झाल्याशिवाय अंत्यविधी करायचा नाही. प्लेगनं गेलेल्यांसाठी समिती ठरवील तीच जागा. रोगी दवाखान्यात, त्याच्या घरातली इतर माणसं ‘सेग्रिगेशन कँपा’त. घरातलं अंथरूण-पांघरूण, कपडे जाळायचे, जमीन उकरायची, भिंतींना चुना, सगळीकडे कार्बोलिक हे जंतुनाशक. कागदावर हे वाचताना त्या काळच्या वैद्यकाला धरूनच वाटतं. आता ते दारातून आत येताना पाहू.

दार

पुण्याचा जुना वाडा म्हणजे एका दाराआड दहा-बारा बिऱ्हाडं. दिंडी दरवाजा, चौक, भोवती खोल्या, वर माड्या. पुढच्या सोप्यापर्यंत परका माणूस येतो. माजघर, स्वयंपाकघर, देवघर ही त्याच्यासाठी नसतात. आणि तापानं फणफणलेला माणूस सोप्यावर कधीच नसतो. तो माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात असतो. म्हणजे झडती घ्यायची तर ती नेमकी तिथेच जाऊन घ्यावी लागणार. कुलूप असलं तर फोडून. बुटांसकट शिपाई देवघरात शिरले, मूर्ती आणि भांडी बाहेर फेकली, सामान नेलं, अशा तक्रारी मग वर्तमानपत्रांत आणि अर्जांत येत राहिल्या.

त्याहून वाईट होती ती तपासणी. प्लेगची खूण म्हणजे गाठ, आणि गाठ कुठे तर काखेत नाहीतर जांघेत. ती शोधायची तर अंगावरचे कपडे बाजूला करायला हवेत. हे काम पुरुष शिपायांपुढे, चौकात किंवा रस्त्यावर बायकांना उभं करून होत असेल तर तिथे गैरवर्तन झालं की नाही हा प्रश्न नंतरचा. मुळात ती पद्धतच कुठल्याही घराला सहन होण्यासारखी नव्हती. बायकांची तपासणी बायकांनी करायची व्यवस्था पुरेशी उभी करणं अशक्य होतं असंही नाही. पुण्यात आणि मुंबईत तेव्हा शिकलेल्या डॉक्टर आणि सुइणी होत्या. त्यांना जमवायला वेळ लागला असता. समितीला वेळ घालवायचा नव्हता.

यावर घरांनी काय केलं? जे कुणीही करील तेच. ताप आला की आधी तो लपवला. टोळी पेठेत शिरल्याची बातमी येताच रोगी माळ्यावर, मागच्या बोळातून दुसऱ्या वाड्यात, नाहीतर रात्रीत गावाला. मृत्यू दुसऱ्याच आजाराच्या नावावर नोंदवायचा प्रयत्न. झडती जितकी कडक, तितकं लपवणं वाढत गेलं, आणि लपवणं वाढलं म्हणून झडती आणखी कडक. प्रशासनाच्या भाषेत याला ‘प्रतिसाद’ म्हणायचं की ‘अवज्ञा’, यावर पुढचं सगळं ठरतं. समितीनं त्याला अवज्ञा म्हटलं.

नेल्यावर

अंमलबजावणीचा अभ्यास करताना सगळ्यांचं लक्ष दारावर असतं. मला वाटतं खरी निर्णायक जागा आहे ती माणूस पोचतो तिथली. घरच्यांच्या मनात एकच हिशेब चालतो : याला नेलं तर हा परत येईल का?

१८९७ मध्ये प्लेगवर औषध नव्हतं. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी १० जानेवारीला स्वतःवर टोचून पाहिलेली लस अगदी नवी होती आणि ती मुळात निरोग्यांसाठी. दवाखान्यात नेऊन डॉक्टर करू शकत होते ते एवढंच : पाणी, पेज, स्वच्छ अंथरूण, धीर. तरीही नेलेल्यांतले बहुतेक मरत. आजारच तसा होता, पण गल्लीतून पाहणाऱ्याला दिसायचं ते असं की जिवंत नेला आणि प्रेत झालं. घरच्यांना आत जाऊ दिलं नाही, काय चाललंय ते कळवलं नाही, तर त्या मधल्या अंधारात काय भरणार? मुंबईत मोमियाईची अफवा पसरली होती, की दवाखान्यात माणसाला उलटं टांगून त्याच्या अंगातलं तेल काढतात. २९ ऑक्टोबर १८९६ ला मुंबईच्या आर्थर रोड दवाखान्यावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला होता. अशा अफवांना अडाणीपणा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. आपल्या माणसाचं काय झालं हे सांगणारं कुणी नसेल, तर लोक स्वतःच सांगू लागतात.

रोग्याइतकाच त्याच्या जातीचा, जेवणाचा, पाण्याचा प्रश्न होता. कुणाच्या हातचं खायचं हा तेव्हा जिवापेक्षा मोठा प्रश्न असलेली माणसं होती. त्या विचाराचं समर्थन आज करायची गरज नाही. पण रोगी न जेवता पडून राहिला तर तो मरणार, हे समितीला तरी कळायला हवं होतं.

याच शहरात दुसरी उदाहरणं होती. डॉ. यशवंत फुले यांनी पुण्याबाहेर ससाण्यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. त्यांच्या आई सावित्रीबाई तिथे रोग्यांना आणत आणि त्यांची शुश्रूषा करत. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. झडत्या सुरू व्हायला तेव्हा तीन दिवस होते. विलगीकरण इथेही होतंच. रोग्याला घरातून उचलून गावाबाहेरच्या माळावरच नेलं जात होतं, म्हणजे समितीला हवं होतं तेच. फरक न्यायला येणाऱ्या माणसात होता आणि तिथे पोचल्यावर उशाशी कोण बसतं यात होता. टिळकांनी पुढाकार घेऊन हिंदू प्लेग हॉस्पिटल सुरू केलं, तिथेही लोक सरकारी दवाखान्यापेक्षा सहज जात.

मुंबईनं हे थोडं लवकर ओळखलं. मार्च १८९७ मध्ये तिथे जनरल गॅटेकरच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती आली. हाही लष्करी माणूस, उपायही कडकच, पण त्यानं वेगवेगळ्या समाजांना आपापले दवाखाने काढू दिले आणि त्यांच्या पुढाऱ्यांना कामात ओढलं. म्हणून मुंबई शांत राहिली असं नाही. मार्च १८९८ मध्ये एका आजारी मुलीला घरातून न्यायला टोळी आली तेव्हा विणकरांच्या वस्तीत मोठा दंगा उसळला आणि माणसं मेली. तरी दोन शहरांची तुलना करताना समाजांच्या दवाखान्यांचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो.

तक्रार

प्लेग समितीच्या अहवालात समाधानानं नोंदवलेलं आहे की एखाद्या स्त्रीची हेतुपुरस्सर बेअब्रू केल्याची विश्वासार्ह तक्रार समितीकडे किंवा सैनिकी अधिकाऱ्यांकडे आली नाही.

हे वाक्य प्रशासन शिकणाऱ्या प्रत्येकानं थांबून वाचावं. तक्रार करायची कुणाकडे, तर ज्यानं टोळी पाठवली त्याच्याकडे. शिपाई ओळखायचा कसा? सगळे गोरे, सगळे एकाच गणवेशात, नाव माहीत नाही. साक्ष कुणी द्यायची, तर त्या बाईनं, सगळ्या गावासमोर, १८९७ सालच्या पुण्यात. वर कलम ४ चं कवच. या चार भिंतींतून एकही ‘विश्वासार्ह’ तक्रार बाहेर आली नाही यात नवल नाही. आकडा शून्य आला तेव्हा शिपाई निर्दोष ठरले असं समितीनं मानलं. खरं तर दार बंद होतं.

ज्यांनी तक्रारी पोचवल्या त्यांचं काय झालं तेही पाहावं. सरदार नातू बंधूंपैकी बाळासाहेब नातू झडतीच्या कामाशी संबंधित होते आणि त्यांनी समितीकडे तक्रारी मांडल्या. रँडवरच्या हल्ल्यानंतर दोघा भावांना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली, खटला न चालवता, स्थानबद्ध केलं. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या दवाखान्यातल्या बायकांच्या हालांबद्दल जाहीर पत्र लिहिलं, तर मुंबईच्या गव्हर्नरच्या बाजूनं त्याचं खंडन झालं. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात आरोप केले, दोन बायकांवर अत्याचार झाल्याचं आणि त्यातल्या एकीनं आत्महत्या केल्याचं सांगितलं. परत आल्यावर ज्यांनी लिहिलं होतं ते पुढे यायला तयार झाले नाहीत. पुराव्याशिवाय आरोप टिकवणं गोखल्यांसारख्या माणसाला शक्य नव्हतं. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली. त्या माफीचा डाग त्यांना पुढे कितीतरी वर्षं पुसता आला नाही. साक्षीदार पुढे का आले नाहीत, याचं उत्तर नातूंच्या अटकेत आहे. गोखले परतले त्याआधी काही दिवसच ती झाली होती.

आजार दुसरीकडेच होता

आता वैद्यकाचा भाग, कारण त्यावाचून हे प्रकरण अर्धं राहतं. १८९८ च्या जूनमध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवून दिलं की प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो. आधी त्याची टर उडवली गेली. १९०५ नंतर मुंबईतल्या प्लेग संशोधन आयोगानं प्रयोगांनी तेच सिद्ध केलं. फुफ्फुसाचा प्लेग माणसाकडून माणसाला होतो, पण पुण्यात मुख्यतः होता गाठीचा, आणि तो रोग्याशेजारी बसल्यानं सहसा होत नाही. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून माणसाकडे वळतात.

म्हणजे ज्याच्यासाठी एवढा धुमाकूळ घातला तो रोगी त्या घरातला सगळ्यात कमी धोक्याचा जीव होता. जमीन उकरून, कार्बोलिक ओतून घर धुतलं की त्यातले उंदीर शेजारच्या घरात जाणार. मे महिन्यात साथ ओसरली आणि समितीनं त्याचं श्रेय घेतलं. पण उन्हाळ्याच्या कडक, कोरड्या हवेत पिसवा कमी होतात आणि साथ आपसूक मंदावते, हे पुढे अभ्यासात स्पष्ट झालं. पावसाळा सरता सरता प्लेग पुण्यात परतला आणि पुढची अनेक वर्षं येत राहिला. त्या पहिल्या साथीत पुण्यात प्लेगनं गेलेल्यांचा आकडा २,०९१ दिला जातो. लपवलेले त्यात नाहीत.

एका गोष्टीचं श्रेय मात्र द्यायला हवं. घरातल्या निरोगी माणसांना बाहेर काढून मोकळ्या मैदानावर ठेवणं, म्हणजे लोकांना सगळ्यात जाचक वाटलेला तो कँप, हाच त्यातला बहुधा खरा उपयोगाचा उपाय होता. उंदरांपासून माणसं दूर झाली. आणि गंमत अशी की नेमकं हेच पुढे महाराष्ट्रातल्या खेड्यांनी स्वतःहून केलं. घरात उंदीर मरून पडायला लागले की गाव उठायचं; रानात, शेतात झोपड्या बांधून, गुरंढोरं आणि चूल-भांडी बरोबर घेऊन, साथ सरेपर्यंत तिथे राहायचं. आपल्या आजी-पणजीच्या तोंडून अनेकांनी हे ऐकलं असेल. त्यासाठी ना सोजीर लागले, ना कलम १८८. उपाय तोच. एकत्र राहता आलं, कधी निघायचं ते आपण ठरवलं, आणि का निघायचं ते डोळ्यांना दिसत होतं, एवढ्या तीन गोष्टींनी तो सहन होण्याजोगा झाला.

नंतर

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. २२ जूनच्या गोळीबारात लेफ्टनंट आयर्स्ट हा लष्करी अधिकारी जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला गेला. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे चापेकर भाऊ आणि महादेव रानडे फासावर गेले. ‘केसरी’तल्या लेखांबद्दल टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुण्यावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च पुणेकरांच्या माथी मारला. यातून प्लेगचा एकही रोगी कमी झाला नाही.

धोरण मात्र बदललं, आणि ते केवळ पुण्यामुळे बदललं नाही. कलकत्ता, पंजाब, कानपूर, ठिकठिकाणी दंगे झाले; कानपुरात एप्रिल १९०० मध्ये जमावानं विलगीकरणाची छावणीच जाळली. शतक पालटेपर्यंत सरकारनं सक्तीच्या झडत्या आणि सक्तीनं दवाखान्यात नेणं बहुतांशी सोडून दिलं. भर लशीवर, आपखुशीनं घर सोडण्यावर आणि स्थानिक माणसांना हाताशी धरण्यावर आला. तोवर प्लेग देशभर पसरला होता; पुढच्या वीसेक वर्षांत त्यानं हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं मारली.

तोच कायदा, २०२०

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात कोविडसाठी जो कायदा लागू झाला तो १८९७ चाच. १४ मार्चला त्याखाली राज्याचे नियम आले. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर ‘होम क्वारंटाइन’चा शिक्का मारायचं ठरलं. या शिक्क्यानं अंमलबजावणी गर्दीच्या हाती दिली. शिक्का दिसताच सहप्रवाशांनी गलका केला आणि माणसांना रेल्वेतून उतरवलं, असं त्याच आठवड्यात घडलं. शिक्का लपवण्यासाठी लांब बाह्या घालणं हे माळ्यावर रोगी लपवण्याचंच नवं रूप. १८८ खाली राज्यात दोन लाखांहून जास्त गुन्हे दाखल झाले आणि पुढे ते मागे घेण्याची वेळ आली. इतक्या गुन्ह्यांनी साथ किती आटोक्यात आली हे कुणी मोजलेलं मला दिसलेलं नाही.

त्याच वर्षी धारावीत वेगळं घडलं. १ एप्रिलला तिथे पहिला रोगी सापडला. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसं आणि सार्वजनिक शौचालय, तेव्हा घरात वेगळं राहा म्हणण्याला अर्थच नव्हता. लोकांना शाळा, सभागृहं, क्रीडासंकुलात हलवावंच लागलं. म्हणजे १८९७ सारखंच, माणसं घरातून नेणं. पण दारात जे आले त्यांत वस्तीतलेच खासगी डॉक्टर होते, ज्यांच्याकडे ही घरं वर्षानुवर्षं तापाची औषधं न्यायची. नेलेल्या ठिकाणी दोन वेळचं जेवण होतं, डॉक्टर होते, आणि फोन असल्यामुळे घरच्यांना रोज बातमी कळायची. लोक परत येताना शेजाऱ्यांनी पाहिले. या परत येण्याचा परिणाम कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त झाला असणार. कोविडचा मृत्युदर प्लेगच्या तुलनेत फार कमी होता, हा फरक मान्य करूनही, कुणाला पाठवायचं आणि कुठे न्यायचं हे दोन निर्णय तिथे बरोबर घेतले गेले.

कायद्याच्या मजकुरात मात्र हे शिक्षण उतरलं नाही. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशानं आणि सप्टेंबरमधल्या दुरुस्तीनं आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना जबर शिक्षा ठेवली. ती हवीच होती; आशा सेविकांना आणि डॉक्टरांना त्या दिवसांत जे सोसावं लागलं ते लाजिरवाणं होतं. पण ज्याला घरातून नेलं जातं त्याला कुठे नेलं हे लेखी कळवणं, घरच्यांना रोज खबर देणं, बाईची तपासणी बाईनंच करणं, बुडालेली मजुरी भरून देणं, आणि तक्रार त्याच खात्याबाहेरच्या कुणाकडे तरी करता येणं, यातलं काहीही त्या दुरुस्तीत आलं नाही. हे पुढच्या साथीआधी कायद्यात यायला हवं, कारण साथ आल्यावर घाईत लिहिलेला कायदा कसा होतो ते ४ फेब्रुवारी १८९७ ला आपण पाहिलं आहे. अधिकाऱ्याला कवच देणारं कलम ४ आजही कायम आहे.